घर घेताना (१४) : तपासणारा माणूस कोणाचा?

या आठवड्यात घरातल्या वायरिंगवर लिहिणार होतो. ते पुढच्या रविवारी. मध्येच नाशिकच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि त्याला आधी उत्तर देणं गरजेचं वाटलं, कारण त्या येत्या काही दिवसांत इसार देणार आहेत. फ्लॅट रीसेलचा, बावीस वर्षं जुन्या इमारतीतला. त्या विचारतात, ‘बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला. एजंट म्हणतो, त्याच्या ओळखीचा इंजिनिअर फुकटात बघून देईल. मग वेगळे पैसे मोजून तपासनीस कशाला?’

ताई, हे दोघंही तुमचे नाहीत. व्हॅल्युअरची फी तुमच्याकडून वसूल होत असली तरी तो बँकेसाठी काम करतो. कर्ज बुडालं तर या फ्लॅटचे किती येतील, एवढंच त्याला सांगायचं असतं. नहाणीचं पाणी खालच्या घरात उतरतंय का, हा त्याचा विषय नाही. एजंटची दलाली व्यवहार झाला तरच मिळते, त्यामुळे त्याच्या ओळखीच्या माणसाकडून ‘घेऊ नका’ हे शब्द ऐकायची आशा धरू नका. तिसरी एक जात आहे, फुकट तपासणी करणारे वॉटरप्रूफिंगवाले. त्यांना प्रत्येक भिंतीत लिकेज सापडतं आणि कोटेशन खिशात तयार असतं.

अमेरिकेत घर-तपासनिसांची एक जुनी संघटना आहे, १९७६ साली स्थापन झालेली. तिच्या आचारसंहितेत मला फार आवडणारा एक नियम आहे : ज्या घराची तपासणी केली, तिथल्या दुरुस्तीचं काम त्या तपासनिसाने वर्षभर पैसे घेऊन करायचं नाही. आपल्याकडे स्ट्रक्चरल इंजिनिअरची महापालिकेत नोंदणी होते, पण खरेदीदारासाठी घर तपासणाऱ्याला वेगळा परवाना लागत नाही. कोणीही कार्ड छापू शकतो. म्हणून हा नियम आपणच लावायचा. पहिल्याच फोनवर विचारा, ‘दुरुस्तीची कामं तुम्ही घेता का?’ हो म्हणाला, तर दुसरा माणूस शोधा.

मग त्याचा एखादा जुना अहवाल मागा, नाव-पत्ता झाकून. माणूस तिथे कळतो. ‘बाथरूमजवळ ओल आढळली’ असं लिहिणारा नको. ‘बेडरूमच्या पूर्वेच्या भिंतीला स्कर्टिंगपासून दीड फुटापर्यंत ओल, पलीकडे शॉवर, रंग ताजा’ असं लिहिणारा हवा. आणि काय बघता आलं नाही तेही त्याने लिहिलेलं असावं : कपाटामागची भिंत, फॉल्स सीलिंगवरचा स्लॅब. सगळं पाहिलं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

तपासणीच्या दिवशी त्याच्याबरोबर फिराच. चांगला माणूस आधी गच्चीवर जातो, मग डक्टमध्ये डोकावतो आणि शेवटी फ्लॅटमध्ये येतो. तिथे तो छोट्या हातोडीने छताचं प्लास्टर हलकेच ठोकत जातो. ठणठणीत आवाज येता येता एके ठिकाणी बद्द आवाज आला की थांबतो, खडूने खूण करतो. तिथे प्लास्टर सुटलेलं असतं. कधी त्यामागे सळई गंजून फुगलेली असते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेत काँक्रीटला आतून ढकलत असतो.

सळई का गंजली, याची चाचणी तर बघत राहावी अशी आहे. काँक्रीटच्या ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थेलिन फवारतात. निरोगी काँक्रीट गर्द गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ज्याचा अल्कलीपणा गेला, ते रंगहीनच राहतं. हा रंगहीन थर सळईपर्यंत पोचला असेल, तर तिचं संरक्षण संपलं. मात्र त्यासाठी फोडाफोड लागते आणि एका फ्लॅटच्या खरेदीदाराला ती कोण करू देणार? म्हणून सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. तुमच्या इमारतीचं एकदा तरी झालेलं असायलाच हवं. तो अहवाल तुमच्या तपासनिसाला वाचायला द्या. तो देण्यात सोसायटी टाळाटाळ करत असेल, तर इसार थांबवा.

पुढच्या रविवारी वायरिंग, नक्की. तोवर सगळ्या वाचकांनी आपल्या घरातल्या मेन बोर्डाचं झाकण उघडून, आत हात न घालता, एक फोटो काढून ठेवावा. तो समोर ठेवूनच लेख वाचा.