वक्त्याची वाणी आणि टिपणाऱ्याची लेखणी

गुलामगिरीविरुद्ध एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील कृष्णवर्णीय वक्त्यांनी केलेली भाषणे आज केवळ मुद्रित रूपात उपलब्ध आहेत. तथापि या संहितांचे प्रामाण्य सारखे नाही. फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे केलेले भाषण स्वतःच पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. तेथे वाणी आणि लेखणी एकाच व्यक्तीची आहे.

सोजर्नर ट्रुथ यांच्याबाबत स्थिती निराळी आहे. त्या निरक्षर होत्या. मे १८५१ मध्ये ॲक्रन येथील स्त्रीहक्क परिषदेत त्यांनी केलेल्या भाषणाचा वृत्तांत मारियस रॉबिन्सन यांनी पुढच्याच महिन्यात छापला. त्याची भाषा साधी, प्रमाण इंग्रजी आहे. फ्रान्सिस गेज यांनी १८६३ साली दिलेली संहिता मात्र दक्षिणेकडील गुलामांच्या बोलीत आहे, आणि भाषणाचे सुप्रसिद्ध पालुपद तीतच आढळते. वस्तुतः ट्रुथ यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील असून त्यांची मातृभाषा डच होती. म्हणजे जी बोली त्यांच्या तोंडी घातली गेली, ती त्यांची नव्हेच. लेखिकेच्या मनातील ‘गुलाम’ तेथे बोलतो.

हा प्रश्न मराठी अभ्यासकास परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील दास्यविमोचनाच्या पुरस्कर्त्यांस अर्पण केला, तेव्हाच दोन्ही दास्यांचे नाते सांगितले गेले. पुढे २३ मे १९४५ रोजी झरी येथे (आज पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुका) भरलेल्या परिषदेत सुमारे पाच हजार आदिवासी जमले आणि वेठ व लग्नगडीची प्रथा झुगारण्याचा निश्चय झाला. त्या लढ्याचे आपले प्रमुख साधन म्हणजे गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०). हे पुस्तक लढ्यात प्रत्यक्ष सहभागी असलेल्या लेखिकेची मोलाची साक्ष होय. परंतु त्यातील वारल्यांचे उद्गार पंचवीस वर्षांनंतर दुसऱ्या हाताने लिहिलेले आहेत. वारली बोलीच्या व्याकरणाचा पुरावा म्हणून ते जसेच्या तसे घेता येणार नाहीत.

म्हणून अशा प्रत्येक संहितेस कोणी लिहिली, केव्हा लिहिली आणि कोणासाठी लिहिली, हे तीन प्रश्न प्रथम विचारले पाहिजेत. झरीचे तरुण श्रोते आज शंभरीच्या घरात आहेत. त्यांच्या व त्यांच्या मुलांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करून घेणे, हे या भागातील भाषाभ्यासाचे निकडीचे कार्य होय.