कुंपणावरची संक्रांत

सुरत जिल्ह्यातल्या पलसाण्याहून एक महामार्ग बारडोली, नवापूर करत धुळे-जळगावकडे जातो. याच वाटेने खान्देशातली कितीतरी कुटुंबं कापडाच्या कामासाठी सुरतेकडे आली आणि इथलीच झाली. उत्तरायणात इथलं आभाळ पतंगांनी भरतं, नेमकी तेव्हाच एक केशरी वेल बहरते. मराठीत तिचं नावच संक्रांतवेल!

वेल मूळची ब्राझील आणि आसपासच्या देशांतली. शास्त्रीय नाव पायरोस्टेजिया व्हेनुस्टा. पहिला शब्द ग्रीक, ‘आग’ आणि ‘छप्पर’ यांच्या जोडणीतून झालेला. बहरलेला मांडव पाहिला की तो अगदी पटतो. बोटभर लांबीची नळीसारखी फुलं, टोकाला मागे वळलेल्या पाकळ्या, आणि घोस असे दाट की पानं दिसेनाशी व्हावीत. तिकडे या फुलांवर हमिंगबर्ड येतात, आपल्याकडे शिंजीर.

अमेरिकेतली ट्रम्पेट वेल हिच्याच कुळातली. पण ती मुळं फोडून भिंतीला चिकटते आणि जमिनीखालून लांबवर फुटवे काढते. संक्रांतवेलीच्या पानातल्या एका पर्णिकेचा तीन फाट्यांचा तणावा होतो आणि तो मिळेल तो आधार धरतो. म्हणून घरच्या बागेला हीच बरी. मात्र जोर विलक्षण. तीस फूट सहज चढते. आंब्यावर किंवा विजेच्या तारांवर तिला जाऊ देऊ नये. लोखंडी कमान, जाळीचं कुंपण किंवा गच्चीचा कठडा उत्तम.

फांदीपासून किंवा दाब कलमाने रोप सहज होतं. लावायला पावसाळ्याची सुरुवात चांगली. दक्षिण गुजरातच्या काळ्या जमिनीत पाणी साचतं, तेव्हा खड्ड्यात शेणखताबरोबर वाळू मिसळावी आणि रोप थोडं उंचवट्यावर लावावं. दिवसभर ऊन हवंच. सावलीत नुसता पाला वाढतो. नत्रयुक्त खताचा मारा केला तरी तेच होतं.

‘वेल माजली, पण फूल नाही,’ ही तक्रार असेल तर आधी छाटणीचा महिना आठवून पाहावा. फुलं येतात नव्या वाढीच्या शेंड्यांवर. दिवाळीच्या साफसफाईत शेंडे उडवले, की संक्रांतीचा बहरही त्यांच्याबरोबर गेला. होळीच्या सुमारास फुलं ओसरली की निःशंकपणे कात्री चालवा. पावसाळा सरल्यावर मात्र तिला हात लावू नका.