साइटवरचा प्रश्न आणि यंत्राचे उत्तर

इमारत आधी कागदावर उभी राहते आणि मग जमिनीवर, हे सर्वांस ठाऊक आहे. पण कागदावरची इमारत एक नसते, तीन-चार असतात, हे बाहेरच्या माणसास सहसा कळत नाही. आर्किटेक्ट खोल्या आणि भिंती दाखवतो, स्ट्रक्चरल इंजिनियर खांब, तुळया आणि त्यांतील सळया दाखवतो, नळाचा नकाशा तिसऱ्याच कचेरीतून येतो आणि विजेचा चौथ्या. हे नकाशे आपसांत भांडू लागले की ते भांडण पुष्कळदा प्रथम दिसते ते सळई बांधणाऱ्या फिटरला. सांडपाण्याचा पाइप जेथून न्यायचा तेथेच तुळई आडवी आली आहे, असे तो मुकादमाला सांगतो, मुकादम साइट इंजिनियरला सांगतो, आणि तेथून वर लेखी विचारणा जाते. परदेशात हिला ‘आरएफआय’ म्हणतात. आपल्याकडे पुष्कळ साइटींवर याच तीन अक्षरांचा अर्थ ‘तपासणीला या’ असा घेतात. तो घोटाळा निराळा.

अमेरिकेत नॅव्हिगंट कन्स्ट्रक्शन फोरम या संस्थेने २०१३ साली तेराशेहून अधिक बांधकामांतील विचारणांचा हिशेब मांडला. एका कामामागे सरासरी आठशेच्या आसपास विचारणा, उत्तर यावयास साधारण दहा दिवस, आणि एकेका विचारणेचा खर्च १,०८० डॉलर. हा खर्च कचेरीतील माणसांच्या वेळेचा. जो खर्च अशा कोष्टकांत येत नाही तो आम्ही सांगतो. उत्तर येईपर्यंत तेवढा भाग अडतो. पगारी इंजिनियराचा पगार चालू राहतो. नाक्यावरून आणलेल्या गड्याला मात्र ‘उद्या येऊ नको’ असे सांगितले जाते. त्याचा रोज बुडतो. म्हणून विचारणा कमी व्हाव्यात, असे वाटण्यात आम्ही मालकांच्याही पुढे आहोत.

या कामी हल्ली कृत्रिम बुद्धिमत्ता आणली जात आहे. तिचा उपयोग खरा आहे आणि तो नाकारण्यात शहाणपण नाही. पुष्कळ विचारणा अशा असतात की त्यांचे उत्तर कागदांत आधीच असते, पण हजार पानांच्या गठ्ठ्यात ते शोधणार कोण? यंत्र ते क्षणात काढते. नवा नकाशा आला तर जुन्याशी ताडून काय बदलले ते दाखवते. काम सुरू होण्यापूर्वीच कोठे माप राहिले, कोठे दोन कागद परस्परविरुद्ध बोलतात, हे पुढे ठेवते. या शेवटच्या उपयोगाला आम्ही सर्वांत अधिक किंमत देतो, कारण त्यात प्रश्न दडपला जात नाही, प्रश्नाचे कारणच जाते.

पण या यंत्राला एक खोड आहे. ठाऊक नसले तरी ते ठामपणे बोलते. कधी नसलेले कलमही सांगते. तेव्हा कोणत्या नकाशाच्या कोणत्या पानावरून उत्तर दिले ते यंत्राने दाखवले पाहिजे, आणि भार वाहणाऱ्या भागाविषयीच्या उत्तरावर जबाबदार इंजिनियराची सही पाहिजे. नुसती सहीही पुरत नाही. कॅन्सस सिटीतील हयात रीजन्सी हॉटेलात १७ जुलै १९८१ रोजी टांगते पूल कोसळून ११४ माणसे मेली. मूळ नकाशात एकावर एक असे दोन पूल छतापासून आलेल्या अखंड गजांना टांगायचे होते. कारखान्याच्या सोयीसाठी एका गजाचे दोन केले. वरचा पूल छताला, आणि खालचा पूल वरच्या पुलाला. एका दोराला दोन गडी वेगवेगळे लटकले तर गोष्ट निराळी, आणि दुसऱ्याने पहिल्याचे पाय धरले तर निराळी. वरच्या पुलाच्या जोडावर दुप्पट भार आला. मूळचा जोडही नियमांत पुरा बसत नव्हता. बदललेल्या नकाशावर इंजिनियरांची मोहोर उमटली, पण त्या जोडाचे गणित कोणी मांडले नाही.

म्हणून ‘विचारणा इतक्या टक्क्यांनी घटवा’ असे फर्मान निघाले की आमच्या मनात शंका येते. आकडा घटवण्याचा सोपा मार्ग म्हणजे विचारणाऱ्याला गप्प करणे, आणि रोजंदारीचा माणूस लवकर गप्प होतो.

गेल्या वर्षी उपनगरातील एका साइटवर आम्ही गेलो होतो. तेथे मोबाइलवर हिंदीत बोलून विचारायची सोय होती, ही चांगली गोष्ट. नकाशे इंग्रजीत आणि फिटर तेलुगू, मराठी, बंगाली बोलणारे. एका फिटरने विचारले होते की खांब आणि तुळई मिळतात तेथे सळया फार दाटल्या आहेत, काय करू? यंत्राने नकाशा पाहून सांगितले, अंतर बरोबर आहे. आणि विचारणा मिटली अशी नोंद झाली. नकाशात अंतर बरोबरच होते. पण एकावर एक जोड आल्यामुळे प्रत्यक्षात त्या जागी व्हायब्रेटरची नीडल आत जात नव्हती, आणि नीडल न गेल्यास काँक्रीट पोकळ राहते. फिटर काम सोडून तेथेच बसला. मुकादम ओरडला. शेवटी इंजिनियरबाई शिडीने वर आल्या, सळयांत बोटे घालून पाहिली, आणि जोड खालीवर हलवून घेतले. ओतकाम दुसऱ्या दिवसावर गेले.

त्या महिन्याच्या अहवालात त्या साइटवर एक विचारणा जादा दाखवली गेली.