पपेट मॉड्यूलमधले इन्स्टॉलेशनचे पर्याय सोपे कसे करायचे?

समजा लॅबमधल्या 40 संगणकांवर एकच सॉफ्टवेअर टाकायचंय. एकेका मशीनसमोर बसून ते केलं तर दिवस जाईल, शिवाय कुठेतरी चूक राहीलच. म्हणून पपेट, अ‍ॅन्सिबल यांसारखी कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटची साधने वापरतात. मशीन शेवटी कसे असावे हे आपण लिहितो, तिथपर्यंत नेण्याचे काम साधन करते. एका सॉफ्टवेअरसाठी लागणारा असा सगळा कोड एकत्र बांधला की झालं मॉड्यूल.

आता अडचण बघा. मॉड्यूल लिहिणारा सुरुवातीला एकच पर्याय ठेवतो: पॅकेज वापरू का? पुढे कोणी म्हणतं, यूआरएलवरून फाइल उतरवायची सोय हवी. मग कोणाला डॉकर हवं असतं. झाले तीन पर्याय, प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही.

गणित करू. 2 × 2 × 2 = 8 जोड्या. त्यातल्या चारच अर्थपूर्ण आहेत: तिन्हींपैकी नेमका एक 'हो' (अशा तीन), किंवा सगळेच 'नाही'. उरलेल्या चार जोड्यांत दोन-तीन पर्याय एकदम 'हो' आहेत. तेव्हा नेमकं काय होणार, हे कोड उघडून वाचल्याशिवाय कळत नाही.

यात धोका काय? समजा पॅकेज आणि यूआरएल दोन्ही चालू राहिले. एक प्रत यूएसआर-बिनमध्ये गेली, दुसरी यूएसआर-लोकल-बिनमध्ये. लिनक्सवर बहुधा लोकलमधली प्रत आधी सापडते. पुढे सुरक्षेचा अपडेट आला, पॅकेज नवं झालं, तुम्ही निर्धास्त! पण चालतेय ती जुनीच, भोक असलेली प्रत.

उपाय साधा आहे. तीन प्रश्नांऐवजी एकच प्रश्न विचारा: इन्स्टॉल कसं करायचं? उत्तरे चार: पॅकेज, यूआरएल, डॉकर किंवा काहीच नको. सॉफ्टवेअर आधीपासून मशीनवर असेल आणि फक्त सेटिंग सांभाळायची असेल, तेव्हा 'काहीच नको' उपयोगी पडतं. प्रोमिथियसच्या पपेट मॉड्यूलमध्ये 'इन्स्टॉल मेथड' नावाचा असाच पर्याय आहे.

पपेट 4 पासून अशा पर्यायाला 'ईनम' हा प्रकार देता येतो. ठरलेल्या यादीबाहेरचं उत्तर दिलं, तर कॅटलॉग तयार होतानाच चूक दिसते. मशीनला तोवर हातही लागलेला नसतो.

एक पथ्य मात्र पाळा. जुने पर्याय एका रात्रीत काढू नका, लोकांचा चालू कोड मोडेल. आधी इशारा द्या, मग पुढच्या मोठ्या आवृत्तीत काढा.

गृहपाठ: हो-नाहीचे असेच चार पर्याय असतील तर एकूण जोड्या किती, आणि त्यातल्या परस्परविरोधी किती? वहीत मांडून बघा.