लाल ताऱ्यांची प्रत ठरवताना नजरेची परीक्षा

तिमिंगल तारकासमूहातील मीरा हा तारा काही आठवडे नुसत्या डोळ्यांनी दिसतो आणि नंतर कित्येक महिने दिसेनासा होतो. १५९६ मध्ये डेव्हिड फॅब्रिशियस या जर्मन निरीक्षकाने त्याची नोंद केली. कमाल तेजाच्या वेळी साधारण तिसऱ्या प्रतीचा असणारा हा तारा नवव्या प्रतीपर्यंत, म्हणजे सुमारे अडीचशे पटींनी मंदावतो. हे आवर्तन सुमारे ३३२ दिवसांचे असते. अशा ताऱ्यांना दीर्घावधी रूपविकारी तारे म्हणतात.

वृद्धावस्थेतील हा तारा आकुंचन-प्रसरण पावत असतो. तो थंडावला की त्याच्या वातावरणातील टायटॅनियम ऑक्साइडचे रेणू वाढून दृश्य प्रकाश शोषतात. परिणामी तारा मंद आणि अधिक तांबडा होतो.

हा तांबडेपणाच निरीक्षकाला चकवतो. लाल ताऱ्याकडे टक लावून पाहिल्यास तो प्रत्यक्षाहून तेजस्वी भासतो. म्हणून द्विनेत्रीचा फोकस किंचित बिघडवून, ओझरत्या नजरेने त्याची तुलना प्रत ठाऊक असलेल्या शेजारच्या ताऱ्यांशी करावी लागते.

हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदी १९११ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली रूपविकारी तारे निरीक्षकांची संघटना संकलित करते. काही अब्ज वर्षांनी सूर्यही याच अवस्थेतून जाणार असल्याने या नोंदींचे मोल मोठे आहे.