मागील हवा-निलंबनातील दोषांचे निदान

लँड रोव्हर कंपनीच्या १९९८ ते २००४ या काळातील दुसऱ्या ‘डिस्कव्हरी’च्या काही गाड्यांत मागील अॅक्सलवर पोलादी स्प्रिंगांऐवजी रबरी हवापिशव्या असतात. दोन्ही बाजूंचे संवेदक गाडीची उंची कळवितात आणि त्यानुसार कॉम्प्रेसर झडपांवाटे हवा भरतो. अशी गाडी सकाळी मागे बसलेली आढळली, की दोष कॉम्प्रेसरच्या माथी मारला जातो. हे निदान उतावीळपणाचे होय. इंजिन बंद असता कॉम्प्रेसर चालतच नाही. तेव्हा रात्रीतून खचलेल्या गाडीचे कारण गळतीतच शोधावयास हवे. एकच बाजू खचली असल्यास त्या बाजूची पिशवी, नळी किंवा झडप संशयास्पद ठरते. त्यांतही पिशवीच्या रबराची घडी, कारण भेगा बहुधा तेथेच पडतात. साबणाचे पाणी लावताच बुडबुडे उमटतात. याहून स्वस्त प्रमाण दुसरे नाही. (मात्र गाडीखाली शिरण्यापूर्वी चॅसिसला भक्कम टेकू दिलाच पाहिजे.) याउलट गाडी रात्रभर समतल राहिली, परंतु ओझे लादल्यावर इंजिन चालू असूनही वर आली नाही, तर फ्यूज, रिले, संवेदक व कॉम्प्रेसर यांकडे वळावे. गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसर झिजतो; म्हणूनच पिशव्या न तपासता बसविलेला नवा कॉम्प्रेसरही पुष्कळदा जुन्याच्याच वाटेने जातो.