साखळी निसटली, तोल निसटू देऊ नका

सायकलची साखळी निसटणे ही आपल्याकडे रोजचीच गोष्ट. शाळेला निघालेला मुलगा कडेला थांबतो, साखळी चढवतो आणि काळे हात चड्डीला पुसून पुढे जातो. यावर आरोग्याच्या सदरात काय लिहायचे, असे वाचकांना वाटेल. गेल्या हिवाळ्यापर्यंत मलाही तसेच वाटत होते.

माझा मुलगा नोकरीनिमित्त बेल्जियममधील घेंट शहरात असतो. आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो होतो. त्या भागात थंडीच्या दिवसांत ‘सायक्लोक्रॉस’ शर्यतींचे भारी वेड. गवत, चिखल, वाळू यांतून सुमारे तीन किलोमीटरचा फेरा पुन्हा पुन्हा मारायचा. आडव्या फळ्या आल्या की उतरून सायकल उचलायची, चढ निसरडा असला तर ती खांद्यावर घेऊन पळायचे. मोठ्या खेळाडूंसाठी ठरलेल्या जागी दुसरी सायकल तयार असते. हौशी माणसाजवळ बहुधा एकच!

मुलगा हौशी गटात उतरला होता. तिसऱ्या फेरीत आमच्यासमोरच त्याची साखळी निसटून दातेरी चक्र आणि सांगाडा यांच्यामध्ये अडकली. एका हाताने पायडल फिरवत, दुसऱ्या हाताच्या गारठलेल्या बोटांनी तो ती ओढू लागला. बाजूने एकेक जण पुढे जात होता. लोक ओरडत होते. ‘‘अरे लवकर, लवकर!’’ असे मराठीत ओरडणारा मात्र मी एकटाच होतो. पुढच्याच क्षणी त्याचे बोट साखळी आणि दात्यांच्या मध्ये सापडले.

नख गेले, बोट वाचले.

असे का व्हावे? जोरात सायकल मारताना नाडी आधीच वाढलेली असते. त्यात अडथळा आला की अ‍ॅड्रिनॅलिनचा आणखी एक लोंढा रक्तात येतो. तो पळायला उपयोगी, बारीक कामाला नाही. हात थरथरतात, थंडीने बोटे बधिर असतात आणि डोळ्यांना फक्त पुढे जाणारे दिसतात. बिघाड सायकलीचा असतो. इजा होते ती पुढच्या दोन मिनिटांतील घाईने.

याच खेळात अनेकदा फ्रान्सचा विजेता ठरलेल्या युजेन क्रिस्तोफचे उदाहरण पाहा. १९१३ च्या ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीत डोंगरउतारावर त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. सायकल घेऊन तो कित्येक किलोमीटर पायी गेला, लोहाराच्या भट्टीवर चिमटा स्वतः जोडला आणि शर्यत पुरी केली. ती शर्यत तो जिंकला नाही. पण हात शाबूत ठेवून शेवटपर्यंत पोहोचला.

शर्यत असो वा शाळेची वाट, एवढे लक्षात ठेवावे :

१) सायकल प्रथम वाटेतून बाजूला घ्या. दमछाक झाली असल्यास एकदम निश्चल उभे राहू नका. पायांत रक्त साचून चक्कर येते. दोन-चार पावले चाला, सावकाश श्वास घ्या.

२) साखळी काडीने चढवा. चक्र फिरत असताना बोट जवळ नको. एकजण साखळी लावत असताना दुसऱ्याने पायडलला हात लावू नये.

३) बोट अडकल्यास हिसका देऊ नका. पायडल हळूच उलट फिरवून पाहा. न सुटल्यास साखळी तोडावी.

४) जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवा. हळद, ग्रीस, माती लावू नका. स्वच्छ फडक्याने दाबून रक्त थांबवा. जखम मळलेली असेल आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला पाच वर्षे उलटली असतील, तर डॉक्टरांना अवश्य दाखवा.

५) बोटाचा तुकडा सुटलाच, तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. थेट बर्फात तुकडा ठेवू नये. ताबडतोब मोठे रुग्णालय गाठा.

रात्री पट्टी बदलताना मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, दोन मिनिटं थांबलो असतो तर साखळी चढली असती.’’ मी काहीच बोललो नाही. तीस वर्षे अशी बोटे शिवणाऱ्या माणसाने कडेला उभे राहून काय ओरडायला हवे होते, ते मला ठाऊक होते. आपल्यावर तशी वेळ आली, तर एवढेच म्हणा : ‘‘सावकाश.’’